रविवारची शांतता आणि रानातली शेकोटी

वाचकाचे पत्र

संपादक, सप्रेम नमस्कार. मी मूळची साताऱ्याची. सहा वर्षांपासून इंग्लंडात लीड्सजवळ राहते. नवरा, सात वर्षांची मुलगी आणि भाड्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट असा संसार. दोन वर्षे झाली, दर रविवारी क्वेकर या ख्रिस्ती पंथातून आलेल्या मंडळींच्या मीटिंगला, म्हणजे उपासनेला जाते. तासभर सगळ्यांनी गप्प बसायचे, आतून काही उमटले तरच बोलायचे. तिथे मला माहेरी आल्यासारखे वाटते. गेल्या वर्षी शेजारणीने तिच्या पेगन, म्हणजे निसर्गपूजक गटाच्या सणांना नेले. शेकोटी, झाडे, ऋतूंची गाणी. खरे सांगते, त्यामुळेच इथला हिवाळा निभावला. आता मीटिंगमधल्या एका आजी म्हणाल्या, "आम्ही सणवार पाळत नाही." पेगन गट म्हणतो, येत्या सॅमहेनला (३१ ऑक्टोबरच्या सणाला) दीक्षा घे, पण शपथ घ्यावी लागेल आणि घरी सांगायचे नाही. आणि आई फोनवर विचारते, "बाटलीस की चेटूक शिकतेस?" मला दोन्ही हवे आहे, रोजच्या जगण्यात हवे आहे. कसे करू? खिचडी तर होणार नाही ना?

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत, पण घाईचा एकच आहे, शपथेचा. ती एकदा घेतली की मागे घेता येत नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

क्वेकर शपथ घेत नाहीत, आणि हा त्यांचा किरकोळ हट्ट नाही. शपथेवर खरे बोलायचे ठरले की एरवीच्या बोलण्याला ढिलाई मिळते आणि माणसाच्या शब्दाला दोन दर्जे येतात. होय तर होय, नाही तर नाही, एवढेच बोलावे ही येशूची शिकवण त्यांनी शब्दशः घेतली. १६६२ मध्ये इंग्लंडात खास त्यांच्याविरुद्ध कायदा झाला, शपथ नाकारली म्हणून माणसे तुरुंगात गेली, आणि पुढे १६९६ च्या कायद्याने त्यांना दिवाणी कामात शपथेऐवजी दृढकथन करायची मुभा मिळाली. आपल्याकडच्या शपथविधीत कुणी 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' म्हणतो, कुणी 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' म्हणतो, ते तुम्ही ऐकले असेल. त्यातली दुसरी वाट तुमची आहे.

गटाची बाजूही समजून घ्यायला हवी. आधुनिक पेगन चेटूकपंथ म्हणजे विक्का. त्याचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर यांच्या परंपरेतल्या मंडळींत दीक्षा शपथबद्धच असते. इंग्लंडात चेटूकविरोधी कायदा १९५१ पर्यंत होता. त्यानंतरही नोकरीच्या ठिकाणी किंवा मुलांच्या शाळेत कळले तर त्रास व्हायचा. एकमेकांची नावे बाहेर न नेण्याची रीत त्यातून आली आहे आणि ती रास्त आहे. म्हणून शपथ सरसकट झिडकारू नका, तिचे तुकडे करून पाहा. माणसांची नावे आणि त्यांचे खासगी बोलणे झाकून ठेवणे हा एक भाग. तो खुशाल मान्य करा. विधींचे मजकूर परवानगीवाचून दुसऱ्याला न देणे हा दुसरा. तोही मान्य करायला हरकत नाही. नवऱ्यापासून लपवणे, प्रमुखाची आज्ञा बिनशर्त पाळणे, पैसा किंवा शरीर यांबाबतची कुठलीही अट हा तिसरा भाग. त्याला स्पष्ट नकार द्या.

गटाच्या प्रमुखाला आधीच, लेखी कळवा: मी शपथ घेत नाही. त्याऐवजी सर्वांसमोर एवढे सांगेन, "इथे भेटलेल्या माणसांची नावे आणि त्यांचे खासगी बोलणे मी बाहेर नेणार नाही. इथला मजकूर परवानगीवाचून कुणाला देणार नाही. मी इथे येते हे माझ्या घरी ठाऊक असेल." मग त्यांचे शब्द वाचायला मागा. 'शपथेचे शब्द त्या रात्रीच कळतात' असे उत्तर आले, तर न वाचलेल्या कागदावर आपण सही करत नाही, एवढा विचार पुरे. अनेक गटांत दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस थांबायची रीत आहे. ती मुदत हक्काने मागा. थांबू न देणाऱ्या गटाची आम्हाला काळजी वाटते. दीक्षेवाचून पेगन वाट चालता येत नाही असे अजिबात नाही. पुष्कळ जण एकटेच चालतात, पुष्कळ गटांचे सण सर्वांना खुले असतात, आणि १९६४ मध्ये रॉस निकोल्स यांनी स्थापलेल्या ड्रुइड या निसर्गपंथी मंडळासारख्या ठिकाणी दुसऱ्या धर्माची माणसेही शिकायला येतात.

आता खिचडीचा प्रश्न. दोन्हींत निसर्गाबद्दल आदर आहे, म्हणून दोन्ही एकच आहेत असे कुणी सांगितले तर ऐकू नका. फरक खोल आहे. क्वेकर उपासना म्हणजे वाट पाहणे. काय करायचे, काय बोलायचे हे आधी ठरवायचे नाही. आतून प्रेरणा येईपर्यंत थांबायचे, आली तर ती तपासायची, आणि तासाभरात काहीच आले नाही तरी उपासना पुरी झाली असे मानायचे. पेगन विधी म्हणजे करणे. दिवस ठरलेला, दिशा ठरलेल्या, हातात ज्योत, पाणी, भाकरी. एकात ओंजळ रिकामी ठेवायची असते आणि दुसऱ्यात ती भरायची असते.

त्या आजींचे म्हणणे इथूनच येते. क्वेकर पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स आणि त्यांचे सोबती सतराव्या शतकात रविवारला 'पहिला दिवस' म्हणत, कारण वारांच्या इंग्रजी नावांत जुने देव बसले होते. गुरुवारच्या नावात थॉर आहे. महिन्यांनाही ते आकडेच देत, आणि १७५२ पर्यंत त्यांचा 'पहिला महिना' मार्च असे. नाताळ, ईस्टर हेही ते पाळत नसत. सगळे दिवस सारखेच पवित्र. सणाच्या दिवशी भाविक आणि एरवी बेफिकीर असे होऊ नये, हा त्यामागचा आग्रह. आज ब्रिटनमधले बरेच क्वेकर घरी नाताळ करतात, तेव्हा आजींनी तुम्हाला हाकलले असे समजू नका. त्यांचे वाक्य जपून ठेवा. प्रत्येक सणाआधी ते स्वतःला प्रश्न म्हणून विचारा: आज जे करणार आहे त्याने उरलेल्या वर्षात माझ्या वागण्यात काही बदलणार आहे का?

आमच्या मते जोड अशी घालावी: शांतता आधी, कृती नंतर, आणि कृती अशी की शांततेत 'आज नको' असे उमटले तर ती सहज सोडता यावी. जो विधी रद्द करता येत नाही, त्याने वाट पाहण्याला बाहेर काढले असे समजा.

रोजच्या सकाळपासून सुरुवात करा. वीस मिनिटे पुरतात. खिडकीची कड किंवा कपाटाचा एक कोपरा ठरवा, जेवणाच्या ताटाएवढा, त्याहून मोठा नको. त्यावर एक दिवा आणि ऋतूची एकच वस्तू ठेवायची: आज पडलेले पान, उद्या फुटलेली डहाळी. नवी आली की जुनी मातीत परत. विकत काही आणायचे नाही. सर्वांत आधी बिघडते ते इथेच. स्फटिक, धूपदाण्या, कोरीव पेले येऊ लागतात, सहा महिन्यांत कोपऱ्याचे दुकान होते आणि मन त्या वस्तूंत अडकते. साधेपणा हा क्वेकरांचा मूळ आग्रह आहे, आणि पेगन वाटेलाही त्याने बळच येते, कारण खरे पान हातात असताना पानाच्या चित्राची गरज उरत नाही.

दिवा म्हणून काचेच्या वाटीत टी-लाइट, म्हणजे छोटी चपटी मेणबत्ती ठेवा, खाली मातीची बशी, पडद्यापासून हातभर लांब. तो साधारण चार तास जळतो, पण तुम्ही वीस मिनिटांनी विझवून तोच आठवडाभर वापरू शकता. भाड्याच्या घरात धुराचा अलार्म असतो, तेव्हा धूप, जाळलेली पाने टाळा. पांढऱ्या सेजची जुडी तर घेऊच नका. ती अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची पवित्र वनस्पती आहे आणि बाजारासाठी रानातून ओरबाडली जाते. वास हवा असेल तर रोजमेरीची काडी बोटांत चुरडा.

मग उभे राहून चारी दिशांना एकेकदा तोंड करा, सूर्याच्या गतीने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेने. विक्का परंपरेत पूर्व वायूची, दक्षिण अग्नीची, पश्चिम पाण्याची, उत्तर पृथ्वीची. तुमच्यासारख्या मराठी घरातल्या माणसाचा इथे गोंधळ होतो, कारण आपल्या दिक्पालांत अग्नी आग्नेयेला आणि वायू वायव्येला. पश्चिमेचा वरुण तेवढा जुळतो. दोन्ही नकाशे डोक्यात घेऊन फिरू नका. प्रत्येक दिशेला खरोखर काय आहे तेच मनात म्हणा: इकडे रेल्वेचा रूळ, इकडे ओढा, इकडे शाळा, इकडे टेकडी. हे सत्याच्या आग्रहाशी जुळते आणि ज्या जमिनीवर आपण उभे आहोत तिची ओळख होते. महिनाभरात तुम्हाला कळेल की ओढा कुठून येतो हे ठाऊकच नव्हते. ते शोधायला जाणे हीदेखील साधनाच.

यात तीनेक मिनिटे जातील. पुढची बारा मिनिटे बसायचे आणि काहीही करायचे नाही. पेगन ध्यानात पुष्कळदा कल्पनाचित्र रंगवतात: मी झाड आहे, पायांतून मुळे खाली जात आहेत. ते चांगले असते, पण वाट पाहणे आणि चित्र रंगवणे एकाच वेळी जमत नाही. चित्र मनाला कामाला लावते. म्हणून मुळांचे ध्यान करायचेच असेल तर ते दिशांच्या वेळी उभ्यानेच उरका, मग बसा. बसल्यावर मनात बाजाराची यादी सुरू होईल. तिला हुसकू नका. लक्षात आले की एकदा श्वासाकडे वळा. यादीतली एखादी गोष्ट तिसऱ्यांदा आली, तर तिच्यात काही असेल म्हणून उठल्यावर कागदावर लिहा. शेवटी दिवा विझवा आणि एक लहान काम लगेच करा: कुंडीला पाणी, पक्ष्यांना दाणे, ज्या माणसाची आठवण आली त्याला दोन ओळी. त्या कामाशिवाय सकाळ संपवू नका. क्वेकरांकडे पाव आणि द्राक्षरसाचा संस्कार नाही, पाण्याचा बाप्तिस्मा नाही. सगळे जगणेच संस्कार मानायचे असते. कुंडीतले पाणी त्या अर्थाने घाला.

पुढचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच: मंत्रप्रयोग. गटात कधीतरी तुमच्या नोकरीसाठी किंवा कुणाच्या आजारासाठी प्रयोग करू या असे म्हणतील. दोन्ही वाटांची खरी टक्कर इथे होते. प्रयोगात फळ आधी ठरते आणि इच्छाशक्ती त्याकडे लावली जाते. क्वेकर एखाद्याला 'प्रकाशात धरतात', म्हणजे त्या माणसाला शांततेत समोर आणतात, आणि फळ मोकळे सोडतात. आमचे मत स्पष्ट आहे: दुसऱ्या माणसाच्या मनावर, निर्णयावर किंवा शरीरावर प्रयोग करू नका, चांगल्या हेतूनेही नको. त्याऐवजी हे करा. प्रयोगात गाठ मारायला दोरा घेतात, तसा एक दोरा हातात धरा, त्या माणसाचे नाव एकदा मोठ्याने घ्या, त्याचा चेहरा जसा आहे तसा आठवा, थकलेला तर थकलेला. 'असे होवो' हे वाक्य जोडू नका. पाच-सात मिनिटे तसेच बसा. मग स्वतःला विचारा, यात माझ्या हातात काय आहे? डबा नेऊन देणे, दवाखान्यात सोबत जाणे, की गप्प राहणे? दोऱ्याला गाठ त्या कामाची मारा, आणि काम झाले की सोडा. प्रयोगाचा जोर यात वाया जात नाही, तो तुमच्या स्वतःच्या पायांत येतो. स्वतःच्या भीतीवर, आळसावर विधी करायला मात्र काही आडकाठी नाही. तिथे ज्याचे मन त्याचाच अधिकार.

सणांबद्दल. आठ सणांचे आजचे चक्र १९५० च्या दशकात इंग्लंडात गार्डनर आणि निकोल्स यांच्या मंडळींत जुळवले गेले. सॅमहेन, बेल्टेन यांसारखे सुटे सण फार जुने आहेत, पण आठांची माळ नवी. 'हजारो वर्षांची अखंड परंपरा' असे कुणाला सांगू नका. नवे आहे म्हणून ते खोटे ठरत नाही, पण जुने म्हणून खपवले तर खोटे ठरेल. आणि आठही पाळायला जाऊ नका. तुमच्या घरी गणपती, दिवाळी, संक्रांत असतीलच. त्यात आठ घातले की दर महिन्याला धावपळ, आणि शांततेचाच बळी. पहिल्या वर्षी चार घ्या. आम्ही सॅमहेन, यूल, बेल्टेन आणि लामास सुचवू.

यूल, २१ किंवा २२ डिसेंबर, वर्षातला सर्वांत लहान दिवस. साताऱ्याला वर्षातला लहानात लहान दिवसही अकरा तासांचा असतो. लीड्सला तो साडेसात तासांचा होतो आणि जूनमध्ये सतरा तासांवर जातो. तिथले शरीर हे अंतर सोसते, म्हणून तिथे ऋतूचा सण गरजेचा वाटतो. तुमचा हिवाळा त्यामुळेच निभावला असणार. त्या संध्याकाळी घरातले सगळे दिवे वीस मिनिटे बंद करा, अंधारात तिघे गप्प बसा, मग मुलीच्या हाताने एक ज्योत लावा. बस. ती विचारेल की हीच संक्रांत का? तिला खरे उत्तर द्या: सूर्य उत्तरेकडे वळतो हा प्रसंग एकच, पण आपले पंचांग ताऱ्यांच्या खुणेने मोजते, पृथ्वीचा अक्ष फार संथपणे फिरतो, आणि त्यामुळे दोन्हींत चोवीसेक दिवसांचे अंतर पडले आहे. तिळगूळ जानेवारीतच.

बेल्टेन, १ मे, उन्हाळ्याच्या आरंभाचा सण. शेकोटी हवी असेल तर जमिनीच्या मालकाची परवानगी घ्या आणि पायावर उभी असलेली लोखंडी शेगडी फरशीवर किंवा खडीवर ठेवा. यॉर्कशायरच्या माळावर तर काडीही ओढू नका. तिथली जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची आहे. आग वरून विझलेली दिसते आणि आत दिवसेंदिवस धुमसते. बाजूला पाण्याची बादली, आणि राखेत हात घालता येईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही. झाडांना नायलॉनच्या फिती बांधतात, तेही नको. फांदी जाड होते, फीत सैल होत नाही, आणि साल कापली जाते. बांधायचेच तर लोकरीचा धागा सैल बांधा, सूर्यास्ताला सोडून घरी आणा.

लामास, १ ऑगस्ट, पहिल्या धान्याचा दिवस. अर्धा किलो ब्रेडचे पीठ, सव्वातीनशे मिलिलिटर कोमट पाणी, सात ग्रॅम सुके यीस्ट, दहा ग्रॅम मीठ. दहा मिनिटे मळा, दुप्पट होईपर्यंत दीडेक तास झाका, आकार देऊन आणखी अर्धा-पाऊण तास ठेवा, २२० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटे भाजा. तळाशी टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झाला. मळताना बोलू नका. ती दहा मिनिटे चांगली उपासना होते. पाव शेजाऱ्यांत वाटा, सोबत सफरचंदाचा रस ठेवा. अनेक क्वेकर दारू घेत नाहीत आणि त्यांना अवघडल्यासारखे व्हायला नको. गरजूंना द्यायचा विचार असेल तर फूड बँका बहुधा घरचे पदार्थ घेत नाहीत. तिथे बंद पिठाची पिशवी द्या.

सॅमहेन, ३१ ऑक्टोबर. तुमच्यासाठी सगळ्यांत मोलाचा हाच, कारण पेगन मंडळींचे मूक जेवण आणि क्वेकरांची शांतता इथे आपोआप भेटतात. चाळीस मिनिटांचे जेवण ठरवा. एक ताट जास्तीचे, गेलेल्यांसाठी. फोन दुसऱ्या खोलीत. प्रत्येकाने एक नाव चिठ्ठीवर लिहून त्या ताटाशेजारी ठेवायचे आणि मग जेवण संपेपर्यंत कुणी बोलायचे नाही. वाढणे खुणेने. सात वर्षांच्या मुलीला चाळीस मिनिटे जमणार नाहीत. तिला पहिली दहा मिनिटे बसवा, मग चित्र काढायला मोकळी सोडा. क्वेकर मीटिंगमध्येही मुलांना पूर्ण तास बसवत नाहीत. शेवटी चिठ्ठ्यांवरची नावे एकदा मोठ्याने वाचा. जास्तीच्या ताटातले अन्न कंपोस्टमध्ये घाला, रानात टाकू नका. मीठ-मसाल्याचे अन्न रानातल्या जनावरांना बाधते, आणि मनुके व चॉकलेट तर कुत्र्यांना विषच.

या चार दिवसांच्या मध्ये मुलीला घेऊन एकाच झाडाकडे जात राहा. ओक, बर्च, काहीही, चालत जाता येईल असे. दर सहा आठवड्यांनी त्याच जागी उभे राहून फोटो, आणि वहीत तीन ओळी: पाने, पक्षी, जमीन. मुलांना देवतांची नावे शिकवण्याआधी झाड ओळखता आले पाहिजे.

मीटिंगमध्ये काय न्यावे आणि काय नेऊ नये? खोलीच्या मध्यावरच्या टेबलावर फुले असतात. ती कोण आणते ते विचारा आणि वर्षातले काही रविवार मागून घ्या. ऋतूची डहाळी तिथे सहज शोभते, तिच्यावर भाषण नको. हॉथॉर्नची फुलोऱ्याची फांदी टाळा, जुन्या इंग्रज माणसांना ती घरात आणणे अशुभ वाटते. आणि मुले येत असतील तर हॉलीची फळे व यू झाडाची डहाळी विषारी आहेत. मेणबत्ती, धूप, दिशांचे आवाहन तिथे नको. ती रिकामी खोली त्या माणसांनी शतकानुशतके जपली आहे.

बोलण्याबाबत सगळ्यांत सांभाळा. काल रात्रीची शेकोटी मनात ताजी असेल आणि ती सांगावीशी वाटेल. उठण्याआधी तीन गोष्टी पाहा: हे फक्त माझ्यासाठी आहे की सर्वांसाठी, आजच सांगायला हवे की पुढच्या आठवड्यापर्यंत टिकेल, आणि अनुभवाचे कौतुक वगळून त्यातले सत्य दोन-तीन वाक्यांत बसते का. घरून तयार करून आणलेले बोलणे तिथे लगेच ओळखू येते.

सांगायचे कुणाला? लपवू नका, जाहीरही करू नका. एखाद्या एल्डरशी (उपासनेची काळजी वाहणाऱ्या जबाबदार सभासदाशी) चहाच्या वेळी सरळ बोला आणि 'मीटिंग फॉर क्लिअरनेस' मागा. आधी तुम्ही एक पान लिहायचे: माझा प्रश्न काय, आतापर्यंत काय केले, काय खुपते. मग चार-पाच जण दोनेक तास तुमच्यासोबत बसतात. सुरुवात शांततेने, मग ते फक्त प्रश्न विचारतात, आणि असे प्रश्न की ज्यांचे उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक नाही. 'तुला असे वाटत नाही का की...' हा प्रश्न नव्हे, तो सल्ला आहे. ही बैठक फसते ती बहुतेक वेळा कुणी स्वतःचा अनुभव सांगू लागल्यामुळे. म्हणून नियम सांभाळायला एक जण आधीच नेमून घ्या. बोललेले बाहेर जाणार नाही हेही ठरवा. शपथेचा प्रश्न याच बैठकीत न्या, सॅमहेनच्या किमान महिनाभर आधी.

ब्रिटनमधल्या क्वेकरांत श्रद्धेचा ठरावीक जाहीरनामा नाही, त्यामुळे तिथे तुम्हाला जागा मिळण्याची शक्यता चांगली आहे. पण काही सभासदांसाठी येशू हाच केंद्र आहे, आणि फॉक्सचा संदेशच मुळी 'ख्रिस्त स्वतः आपल्या लोकांना शिकवायला आला आहे' असा होता. 'आतला प्रकाश म्हणजे ऊर्जाच ना' असे त्यांना म्हणू नका. त्यांचा शब्द त्यांच्या अर्थाने ऐका. देवता एक की अनेक, याचे तुमचे उत्तर अजून ठरले नसेल तर 'ठरले नाही' असेच सांगा. उद्या बदली होऊन केनियाला किंवा अमेरिकेच्या काही भागांत गेलात, तर तिथले क्वेकर पाळक, प्रवचन आणि बायबल असलेली उपासना करतात. जगातले बहुसंख्य क्वेकर तसेच आहेत, आणि तिथे हा मेळ बहुधा स्वीकारला जाणार नाही.

आता आई. 'बाटलीस का' याला खरे उत्तर आहे: क्वेकर कुणालाच बाप्तिस्मा देत नाहीत. मीटिंगला येणारा आणि रीतसर सभासद यांत फरक आहे, आणि तुम्ही अजून पहिल्या गटात आहात. पुढे सभासद होण्याचा अर्ज कराल तेव्हा तो आईंना आधी सांगा. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबादकडे क्वेकर मिशनरी आले होते, धर्मांतरेही झाली. ते लपवू नका. त्याच पंथाच्या मार्जरी साइक्स सेवाग्रामला राहून गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचे काम करत होत्या, हेही सांगा; वर्ध्याचे नाव आईंना जवळचे वाटेल. आणि चेटकाबद्दल: १६५६ मध्ये मेरी फिशर आणि अॅन ऑस्टिन या दोन क्वेकर बायका बोस्टनला उतरल्या, तेव्हा त्यांची पुस्तके जाळली गेली आणि अंगावर चेटकिणीच्या खुणा आहेत का हे पाहायला त्यांना विवस्त्र करून तपासले गेले. परकी भक्ती दिसली की हा संशय येतोच. आईंचा राग तेवढा समजून घ्या. त्यांच्याशी वाद घालून काही साधणार नाही. मूक जेवणासाठी नावे लागणार आहेत, ती त्यांच्याकडून मागा. आजोबा, पणजी, बाळंतपणात गेलेली एखादी आत्या, ज्यांची नावे तुम्ही कधी ऐकलीही नाहीत. पितृपंधरवडा त्याच्या महिनाभर आधी येऊन गेलेला असेल, नावे त्यांच्या ओठांवरच असतील. त्या ताटात काय वाढावे हेही त्यांनाच विचारा.